‘तुम्ही कुठल्या देशाच्या?’ निपाणी ते मुंडगोड

मंगळवार, निपाणी

निपाणीच्या स्टँडवर उतरलं की तंबाखूचा उग्र वास नाकात शिरतो आणि दिवसभर सोबत राहतो. माझ्या वकील मैत्रिणीला इथे एका अशिलाची सही घ्यायची होती, आणि माझ्या शाळेची दिवाळीची सुट्टी अजून शिल्लक होती. ती खानापूर भागातल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी कुटुंबांचे जातीचे दाखले, वनजमिनीचे दावे, पोलिसात न घेतलेल्या तक्रारी असली कामं बघते. "नुसतं ऐकून घेतीस, एकदा माझ्याबरोबर फिर की," असं ती कधीपासून म्हणत होती. निपाणी, बेळगाव, खानापूर, हल्याळ, मुंडगोड हा रस्ता तिनंच ठरवला. आमच्या सीमाभागात चेहऱ्यावरून, रंगावरून, जन्मावरून माणसाला कसं वागवतात ते मला सलग बघायचं होतं.

अशील म्हणजे विडी वळणारी एक मावशी. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. बोलताना हात क्षणभरही थांबत नव्हते. तिचं गाव निपाणीपासून जवळच आहे. तिथल्या नळावरचं भांडण तिनं सांगितलं. "हॉटेलात कपबशी आता वेगळी नसती बाई. पण देवळाफुडच्या नळावर आमच्या पोरीनं हंडा लावला, की मागची बाई आधी नळ धुती, मग आपला हंडा लावती. बोलत काय न्हाई. नुसता धुती." मैत्रिणीनं विचारलं, त्या वेळी आजूबाजूला कोण कोण होतं. मावशीनं नावं सांगितली. मैत्रिणीनं ती लिहून घेतली. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. अपमान चार लोकांच्या देखत झाला हे दाखवता आलं, तरच त्याचं अपमानाचं कलम उभं राहतं. उंबऱ्याच्या आत, साक्षीदार नसताना झालेला अपमान कितीही झोंबला तरी त्यात बसवणं अवघड जातं.

एप्रिल १९२५ मध्ये बाबासाहेब आंबेडकर बहिष्कृत वर्गाच्या परिषदेसाठी निपाणीत आले होते. मावशीला ते पाठ आहे. तिच्या आज्यानं म्हणे त्यांना बघितलं होतं. दुपारच्या बसमध्ये आम्हा दोघींचा यावरूनच वाद झाला. जातिभेद आणि वंशभेद एकच का? बाबासाहेबांनी स्वतः जात म्हणजे वंश हे मत खोडून काढलं होतं. पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण एका वंशाचे ठरत नाहीत, हा त्यांचा मुद्दा आजही बिनतोड आहे. दुसरीकडे, २००१ मध्ये डर्बनला वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली तेव्हा दलित संघटनांनी जातीचा प्रश्न तिथे मांडला आणि भारत सरकारनं त्याला विरोध केला. वंशभेदाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराला आपण १९६८ मध्येच मंजुरी दिली आहे, आणि जात त्यात येत नाही ही सरकारची भूमिका आजही तशीच आहे. मैत्रीण म्हणाली, "तू व्याख्या करत बस. मला अर्जात कुठलं कलम घालायचं तेवढं सांग." माझं मत मी तिला सांगितलं, इथेही लिहिते. जात आणि वंश या दोन गोष्टी वेगळ्या असतील, पण नळ धुणारा हात आणि बसमध्ये काळ्या माणसाशेजारची जागा सोडून उठणारा माणूस एकाच शिकवणीतून तयार होतात.

बुधवार, बेळगाव

माझंच गाव. इथे मला रस्ता विचारावा लागत नाही, पण बघायला पुष्कळ होतं.

सकाळी टिळकवाडीतल्या एका सलूनमध्ये गेलो. तिथे मणिपूरची एक मुलगी काम करते. "बसा काकू, पाच मिनिटं," हे तिचं मराठी इतकं सहज होतं की बाकावरच्या दुसऱ्या बाईनं चमकून मान वर केली. तिनं आधी दिल्लीत काम केलं, मग बंगळूरला, आता इथे. तिन्ही शहरं तिनं एकमेकांशेजारी ठेवून दाखवली. दिल्लीत रस्त्यावरून ओरडतात, अंगावर येतात. बंगळूरला नोकरीत कोणी काही बोललं नाही, पण तिच्या मोठ्या भावाला ऑगस्ट २०१२ मध्ये तिथून पळावं लागलं होतं. ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार अशा अफवा मोबाइलवर फिरल्या, हजारो पोरं स्टेशनवर लोटली, रेल्वेला गुवाहाटीसाठी जादा गाड्या सोडाव्या लागल्या. आणि बेळगाव? "इथे कोणी मारत नाही काकू. पण रात्री दुकान बंद करून निघालो की गाडी हळू करून रेट विचारतात." ती हे केस विंचरता विंचरता सांगत होती. आरशात तिचा चेहरा दिसत होता, आणि मला तिच्या नजरेला नजर देणं जड गेलं.

निडो तानिया हा अरुणाचलचा विद्यार्थी. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात त्याच्या केसांवरून टिंगल झाली, त्यातून मारहाण झाली आणि त्याचा जीव गेला. त्यानंतर बेझबरुआ समिती नेमली. वांशिक शिवीगाळीसाठी दंडसंहितेत स्वतंत्र कलमं घाला, अशी शिफारस तिनं त्याच वर्षी केली. ती कलमं आली नाहीत. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत एक बदल आहे: पाच किंवा जास्त जणांनी मिळून वंश, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला किंवा गंभीर दुखापत केली, तर त्यासाठी वेगळी पोटकलमं आहेत. म्हणजे खून किंवा गंभीर मारहाण होईपर्यंत वाट बघायची. गाडी हळू करून विचारलेल्या प्रश्नाला त्या मुलीनं कुठलं कलम लावावं?

संध्याकाळी मैत्रिणीनं ज्या प्रकरणासाठी मला मुद्दाम बोलावलं होतं, ती मुलगी भेटली. खानापूर तालुक्यातली सिद्दी मुलगी. बेळगावात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. वसतिगृह सोडून दोन मैत्रिणींसोबत खोली बघत होती. आमच्याच भागातल्या एका घरावर पाटी होती, ‘खोली भाड्याने देणे आहे, मराठी कुटुंबास प्राधान्य’. तिनं फोन केला. घरमालकीण बाई फोनवर अगदी मोकळ्या बोलल्या. गाव कुठलं, खानापूरकडची काय, आमची नणंद नंदगडला दिलीय, असं सगळं झालं. भाडं ठरलं. दुसऱ्या दिवशी मुलगी दारात उभी राहिली आणि बाईंनी दार अर्धंच उघडलं. "खोली गेली." पाटी तशीच होती. दोन दिवसांनी वर्गातल्या दुसऱ्या मुलीनं त्याच नंबरवर फोन केला, तर खोली रिकामी होती.

मला इथे थांबून एक सांगायचं आहे, कारण ही गोष्ट माझ्या माणसांची आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आम्ही मराठी भाषक कर्नाटकात गेलो. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात दावा लावला २००४ मध्ये, आणि तो अजून तिथेच आहे. ऑफिसातल्या खिडकीवर आपली भाषा बोलल्यावर समोरच्याच्या कपाळावर जी आठी पडते, ती आमच्या घराघरात ओळखीची आहे. माझ्या वडिलांनी आयुष्यभर ती आठी सोसली आणि प्रत्येक १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळी फीत लावून ते फेरीत चालले. ती पाटी त्याच दुखण्यातून आलेली आहे, हे मला कळतं. परक्या वाटणाऱ्या कारभारात आपलं माणूस जवळ असावं, ही त्यामागची भावना. पण दारात उभी असलेली मुलगी मराठीच बोलत होती. तिच्या तोंडी खानापूरच्या मातीतली मराठी होती, फोनवर तिला आपली म्हणणाऱ्या बाईंना ती ओळखू आली होती. मग दार अर्धं का उघडलं, याचं उत्तर आम्हाला भाषेच्या लढ्यात शोधता येणार नाही. ज्यांना स्वतःचा अपमान तारीखवार पाठ आहे, त्यांच्या दारात हे घडू नये. निदान घडल्यावर गल्लीनं गप्प बसू नये.

मी त्या बाईंना ओळखते. त्यांच्याशी बोलायचं मी ठरवलं आहे. मुलगी म्हणाली, "ताई, त्यांच्याशी भांडू नका. मला आता ती खोली नको. पुढच्या पोरीला मिळू दे म्हणजे झालं."

गुरुवार, खानापूर आणि नंदगडच्या पलीकडे

नर्सिंगची ती मुलगीही सुट्टीला घरी निघाली होती, म्हणून आम्ही तिघी एकाच बसला आलो. दोघांच्या बाकावर ती खिडकीशी बसली, आम्ही मागे. बस भरत गेली. लोक दांडी धरून उभे राहिले, पण तिच्या शेजारची जागा रिकामीच. एक म्हातारे गृहस्थ बसायला वाकले, तिच्याकडे बघितलं आणि परत सरळ झाले. कंडक्टरनं तिला हिंदीत विचारलं. तिनं कन्नडमध्ये तिकीट मागितलं. कंडक्टर हसला आणि त्यानंही विचारलंच, "तुम्ही कुठल्या देशाच्या?" शेवटी मजगावच्या बाजूला एक बाजारकरीण चढली. टोपली पायाशी ठेवून ती धपकन् तिच्याशेजारी बसली आणि "सरक की गं जरा" म्हणाली. मुलगी सरकली. पुढे खानापूर येईपर्यंत दोघी मेथीच्या भावावर बोलत होत्या.

खानापूरला मलप्रभा ओलांडून नंदगड. संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये जिथे फाशी दिलं ते हेच गाव. तिथून वडापनं पुढे. शेवटचा तुकडा रानातून चालत. वाडीचं नाव मी देत नाही. माणसं थोडी आहेत आणि ओळखायला वेळ लागणार नाही.

सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या माणसांचे वंशज. कर्नाटकातल्या सिद्दींपैकी पुष्कळांचे पूर्वज पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. मालकांच्या जाचातून जे निसटले ते घाट चढून या रानात शिरले. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला हे तालुके, शिवाय धारवाडचा कलघटगी आणि आमचा खानापूर, असा त्यांचा मुलूख. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिश्चन. आडनावं, सण वेगळे, पण सोयरीक आणि ढमाम नावाचा ढोल सगळ्यांचा एक. घरात कोकणीला जवळची बोली, बाजारात मराठी, शाळेत कन्नड किंवा मराठी, जशी शाळा जवळ असेल तशी.

मुलीच्या आज्जी अंगणात वाकळ शिवत बसल्या होत्या. सिद्दी बायका तिला कवंदी म्हणतात. आमच्या घरातली वाकळ मी लहानपणापासून बघितली आहे, पण ही रीत वेगळी. जुनं लुगडं खाली पसरून कडेपासून सुरुवात करायची. रंगीत चिंध्या दुमडून कडेनं लावत, धावदोऱ्यानं शिवत, फिरत फिरत मध्यावर यायचं. शिवणारी बाई त्याच कवंदीवर बसलेली असते आणि काम आत सरकेल तशी तीही सरकते. चारी कोपऱ्यांना कापडाच्या तिकोनी घड्या रचून फुलं लावतात. "फुलं नसली तर कवंदी उघडी," आज्जी म्हणाल्या. त्यांच्या पुढ्यात नातवाच्या शाळेच्या गणवेषाचा निळा तुकडा होता, कोणाच्या तरी लग्नातली जर होती, आणि एक हिरवा छापील पट्टा. तो कुठला, विचारलं. "थोरल्याच्या शर्टाचा. गोव्यात हॉटेलात घालायचा."

थोरला, म्हणजे मुलीचा काका, ओसरीवरच होता. गोव्यात किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात तो भांडी आणि साफसफाईच्या कामाला होता. २०१३ मध्ये गोव्यात एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्यावरून रस्ता अडवण्यापर्यंत गोष्ट गेली आणि काळ्या माणसाविरुद्ध हवा तापली. त्या दिवसांत त्याला दोनदा रस्त्यात अडवून पासपोर्ट मागितला. "मी म्हटलं, साहेब, मी खानापूरचा. रेशनकार्ड दाखवू काय? तर म्हणाले, हे कुठनं विकत घेतलंस?" मग मालकानंच सांगितलं, गिऱ्हाईक बिचकतंय, थोडे दिवस येऊ नकोस. ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. ज्या गोव्यात याच्या पूर्वजांना साखळदंड घालून उतरवलं, त्याच गोव्यानं याच्याकडे इथे कसा आलास याचा कागद मागितला! मी हे ऐकून उठून अंगणात जाऊन आले. माझ्याच्यानं बसवेना.

वाडीच्या टोकाला, मराठी घरांच्या बाजूला, पोरांनी केलेला दिवाळीचा किल्ला अजून शाबूत होता. आळीव उगवून वर आलं होतं, बुरुजावर मावळे. मुलीचा धाकटा भाऊ आम्हाला तो दाखवायला घेऊन गेला. पन्हाळा आहे, म्हणाला. आणि तू यात काय केलंस? "मी जौहर." खेळताना दरवर्षी तोच सिद्दी जौहर होतो, कारण बाकीची पोरं ठरवतात. त्याला फारसं वाईट वाटत नव्हतं, उलट वेढा घालायला मजा येते म्हणाला. त्याच्या ताईला मात्र वाईट वाटलं होतं, ते तिच्या गप्प बसण्यावरून कळत होतं. आमच्या मराठी मनात सिद्दी म्हटलं की जंजिरा आणि पन्हाळ्याचा वेढा, एवढंच उभं राहतं.

मी शिक्षिका आहे, मला राहवेना. पोरं गोळा झालीच होती. त्यांना सांगितलं, १६६० च्या त्या वेढ्यात जौहर एका बाजूला होता हे खरं, पण वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर महाराजांच्या बाजूनं कोण चालून गेलं होतं? सिद्दी हिलाल. त्याचा मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. पोरांना हे माहीत नव्हतं. मलिक अंबरचंही सांगितलं. इथियोपियात जन्मलेला, बाजारात विकला गेलेला मुलगा पुढे निजामशाहीचा वजीर झाला. त्यानं १६१० मध्ये वसवलेली खडकी म्हणजेच आजचं छत्रपती संभाजीनगर. आणि १६२४ मध्ये भातवडीला शहाजीराजे त्याच्याच बाजूनं लढले. एका पोरानं विचारलं, "मग पुढच्या वर्षी हिलाल कोण?" त्यावर तिथेच भांडण सुरू झालं. तिघांना हिलाल व्हायचं होतं.

रात्री आज्जींनी नाचणीची भाकरी आणि सुक्या मासळीचं कालवण वाढलं. झोपताना तीच अर्धी कवंदी माझ्या पायावर होती.

शुक्रवार, अळणावर, हल्याळ, यल्लापूर

खानापूर बेळगाव जिल्ह्यात, अळणावर धारवाड जिल्ह्यात, हल्याळ उत्तर कन्नडमध्ये. सकाळच्या प्रवासात आम्ही तीन जिल्हे ओलांडले. रान तेच, सागवान तोच, लाल कौलं तीच, बाजारातली मराठीही थोड्या फरकानं तीच. पण मैत्रिणीनं या हद्दीवरच बोट ठेवलं, आणि मला या प्रवासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथे समजली.

उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला. यादीत जमातीच्या नावापुढे जिल्ह्याचं नाव होतं. त्यामुळे हल्याळची बहीण अनुसूचित जमातीत आणि खानापूरला दिलेली तिची सख्खी बहीण त्याबाहेर. बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींचा समावेश संसदेनं केला तो २०२० मध्ये. मधली सतरा वर्षं बाजारात तीच शिवी दोघींना ऐकू आली, तर हल्याळची बहीण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार देऊ शकत होती आणि खानापूरची नाही. दाखला नाही, म्हणून कलम नाही.

जमिनीचंही तेच. २००६ च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसतो एवढं दाखवलं की दावा करता येतो. इतर वननिवाशांना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. पळून येऊन रानात लपलेल्या माणसांच्या नातवंडांनी पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचा कागद कुठून आणायचा? खानापूरचे किती दावे याच कारणानं परत आले, ते मैत्रिणीच्या कपाटातल्या फायली सांगतात.

हल्याळमध्ये फरक दिसतो, हे कबूल केलं पाहिजे. दाखला असलेल्या पिढीतली मुलं शिक्षक आहेत, वनखात्यात आहेत. इथे कुस्तीची जुनी परंपरा आहे आणि सिद्दी मुली मॅटवर उतरतात, राष्ट्रीय स्पर्धांतून पदकं आणतात. दुपारी सरावाला गेलो. एका मुलीनं दुसरीला धोबीपछाड टाकली आणि लगेच हात देऊन उठवलं. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ कौतुकानं म्हणाले, "यांच्या रक्तातच असतंय हो, आफ्रिकेचं." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ती मुलगी पहाटे पाचला उठते, चार किलोमीटर चालत येते, हे त्यांच्या वाक्यात कुठेच नव्हतं.

याच विचारातून १९८७ मध्ये भारतीय खेळ प्राधिकरणानं सिद्दी मुलामुलींना निवडून धावपटू करण्याची योजना काढली होती. मुलं हेरली, शिबिरात नेली, काहींनी पदकं आणली. कमला सिद्दी दक्षिण आशियाई स्पर्धांपर्यंत पोचल्या. १९९३ मध्ये योजना गुंडाळली आणि मधल्या वयातली मुलं घरी परतली, शाळाही सुटलेली. शरीराकडे बघून उचललं, काम झालं नाही म्हणून ठेवून दिलं. या पोरांमध्ये गणित येणारंही कोणी असेल, हे त्या वेळी कोणाच्या मनात आलं नसावं.

यल्लापूरच्या वाटेवर सुपारीच्या बागा लागल्या. तिथे एका घरी चहाला थांबलो. घरातले अण्णा सत्तरीचे. लहानपणी बागेत मजुरीला जायचे तेव्हा मालकाच्या ओसरीच्या पुढे पाऊल टाकायची परवानगी नव्हती, जेवण अंगणात, पाणी करवंटीत. "आता आत बोलवतात," ते म्हणाले, "मत मागायला येतात तेव्हा तर आमच्याच घरात जेवतात." यल्लापूर तालुक्यातलेच शांताराम सिद्दी जुलै २०२० मध्ये विधान परिषदेवर नियुक्त झाले, सिद्दी समाजातले पहिले आमदार. अण्णांच्या भिंतीवर त्यांचा फोटो आहे. शेजारी येशूचा आणि खाली गणपतीचा. गणपती सुनेचा, असं त्यांनी आपणहून सांगितलं.

शनिवार, मुंडगोड

मुंडगोडवर थोडक्यात लिहिते, कारण तिथे आमचा दिवस अर्धाच गेला. १९६६ पासून इथे तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. गादेन आणि द्रेपुंग हे मोठे मठ, मक्याची शेतं, आणि हिवाळ्यात बेळगावच्या रस्त्यावर स्वेटर विकायला बसणारी माणसं बहुतेक इथली. स्वेटर विकणाऱ्या एका काकूंना मी बेळगावात दरवर्षी बघते, त्या इथे त्यांच्या स्वयंपाकघरात भेटल्या. जन्म इथला, कन्नड अस्खलित, मराठीत भाव करता येतो. मार्च २०२० मध्ये बेळगावच्या बाजारात पोरांनी त्यांच्यामागे ‘चायना, कोरोना’ अशी हाकाटी केली. ज्यांचे आईवडील चीनच्या सैन्यापुढून हिमालय ओलांडून आले, त्यांना ही हाक! "पोरं लहान होती," काकू म्हणाल्या. "पण मागं त्यांचे वडील उभे होते, ते हसत होते."

तालुक्यात सिद्दींच्याही वाड्या आहेत. तिबेटी शेतांवर सिद्दी मजूर येतात. दोन्हीकडची मुलं एकाच बसनं जातात आणि दोघांनाही अनोळखी माणूस एकच प्रश्न विचारतो. काकूंच्या मुलीची सिद्दी मैत्रीण तिथे बसली होती. "हिला विचारतात नेपाळची काय, मला विचारतात आफ्रिकेची काय. आम्ही आता अदलाबदल करून सांगतो," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. सतरा वर्षांच्या मुलींना असला तोडगा काढायला लागतो, याची चीड आली.

रविवार, परत खानापूर

वाडीतल्या शाळेच्या व्हरांड्यात मैत्रिणीनं बैठक ठेवली होती. २०२० ला कायदा झाला तरी दाखला आपोआप घरी येत नाही. नाडकचेरीत, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कचेरीत, अर्ज करावा लागतो, आणि तिथे घोडं अडतं ते शाळेच्या दाखल्यावर. ख्रिश्चन सिद्दींच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘ख्रिश्चन’, मुसलमान सिद्दींच्या ‘मुस्लिम’. तेवढ्यावर अर्ज परत येतात. खरं म्हणजे अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. ती अट अनुसूचित जातींना आहे, १९५० च्या आदेशानं. मैत्रिणीनं हे मराठीत सांगितलं, मग कन्नडमध्ये, आणि नर्सिंगच्या मुलीनं त्यांच्या बोलीत. तिसऱ्यांदा सांगितल्यावर मागे बसलेले एक चाचा उठले आणि म्हणाले, "म्हणजे मी नमाज पढतो म्हणून कागद अडवला, ते चूक होतं?" "चूक होतं चाचा," ती म्हणाली. ते परत खाली बसले, मग पुन्हा उठून त्यांनी तेच विचारलं.

आम्ही अर्ज भरायला घेतले. माझं अक्षर बरं म्हणून नावं लिहायचं काम माझ्याकडे. आजोबाचं नाव, गाव, आईचं माहेर. हल्याळकडचा एखादा रक्ताचा नातेवाईक २००३ नंतरचा दाखला घेऊन बसला असेल तर त्याची नक्कल जोडायची, त्यानं काम सोपं होतं. म्हणून काकानं हल्याळच्या आत्याला फोन लावला. आत्या म्हणाल्या, दाखला पेटीत आहे, पण पेटीची किल्ली सुनेकडे आणि सून बाजाराला गेलीय. मंगळवारी बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते. मैत्रिणीनं अर्जावर पेन्सिलीनं खूण केली आणि पुढचं नाव विचारलं.